पेढीवरचा दिवाणजी आणि दूरचा साहाय्यक

हिशेबासाठी पगारी माणूस ठेवावा की काम बाहेर द्यावे, हा प्रश्न व्यापाराइतकाच जुना आहे. मात्र पूर्वी ‘बाहेर’ म्हणजे फार तर शेजारच्या गल्लीतला हिशेबनीस. आज भालकीच्या अडत दुकानाची पत्रे पुण्यात बसलेला मनुष्य लिहू शकतो आणि पुण्यातील दुकानाची बिले औरादला आपल्या घरी बसून एखादी पदवीधर मुलगी तयार करू शकते. संगणक व इंटरनेट यांच्या आधारे, तासाच्या अथवा कामाच्या बोलीने, पत्रव्यवहार, नोंदी आणि बिले सांभाळणाऱ्या अशा माणसास ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ म्हणतात. मराठीत त्याला दूरस्थ साहाय्यक म्हणता येईल. पगारी नोकर महाग की हा साहाय्यक महाग, याचा निवाडा बहुधा ऐकीव गोष्टींवर केला जातो. तो आकड्यांवर करून पाहणे बरे.

बीदर आणि कलबुर्गी या सीमाभागात हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले आणि खुद्द बीदर व भालकी म्हैसूर राज्यात गेले. सीमा बदलली, पण देवघेव थांबली नाही. कलबुर्गीचा नेहरू गंज आणि बीदरचा गांधी गंज आजही शेतमालाने गजबजतात. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो, तूर पौष-माघात येते. त्या दिवसांत पेढीवर लिहिणाऱ्याला मान वर करण्याची उसंत नसते. पुढे आवक ओसरली की तोच मनुष्य दुपारभर रिकामा बसतो. काम हंगामी आणि पगार मात्र बारमाही, ही या प्रश्नाची खरी गाठ आहे.

प्रथम पगारी माणसाचा हिशेब घेऊ. समजा, एखाद्या डाळमिलमध्ये वीसहून अधिक माणसे आहेत आणि तेथील कारकुनास दरमहा १५,००० रुपये वेतन आहे. मालकाच्या मनात तेवढाच आकडा असतो. वस्तुतः भविष्य निर्वाह निधीत मालकाने वेतनाच्या १२ टक्के भरावयाचे असतात. त्याच्याशी निगडित विमा आणि व्यवस्थापनाचे शुल्क मिळून आणखी एक टक्का, असे १,९५० रुपये होतात. कर्मचारी राज्य विम्यापोटी मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे सुमारे ४८८ रुपये. किमान बोनस ८.३३ टक्के असतो. तो पूर्ण वेतनावर धरला तर महिन्याकाठी १,२५० रुपये पडतात. ग्रॅच्युइटी दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन या प्रमाणात असते. महिन्याचे २६ दिवस धरून तिचा मासिक वाटा ७२१ रुपये येतो. टेबल, संगणक, वीज यांचे १,६०० रुपये धरले, तर सारी बेरीज सुमारे २१,००० होते. वेतनपत्रकावर १५,००० आणि प्रत्यक्ष खर्च २१,०००, असे हे अंतर आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. भविष्य निर्वाह निधी व बोनस यांची सक्ती सामान्यतः वीस माणसांपासून सुरू होते; कर्मचारी राज्य विमा व ग्रॅच्युइटी यांची दहा माणसांपासून. नेहमीच्या नोकरास ग्रॅच्युइटीचा हक्क पाच वर्षांनी मिळतो. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या श्रमसंहिता अमलात आल्यापासून ठरावीक मुदतीच्या नोकरास तो एका वर्षानेच मिळतो. तेव्हा ज्या पेढीवर दोन-तीनच माणसे आहेत, तिला यांपैकी बहुतेक खर्च मुळात नसतातच. ‘दूरचा माणूस घेतला की कायद्याचा खर्च वाचतो’ असे अशा पेढीच्या मालकास कोणी सांगितले, तर जे ओझे त्याच्या पाठीवर नाही ते उतरवून देण्याचाच तो प्रकार होय. त्याचा खर्च वेतन आणि टेबल-संगणक मिळून १६,६०० इतकाच आहे.

आता तासांकडे वळू. सण, रजा वगळून महिन्याचे २४ दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले, तर १९२ तास होतात. डाळमिलच्या कारकुनाचा तास त्या हिशेबाने सुमारे १०९ रुपयांना पडतो. पण हा भाव आठही तास पुरेल इतके काम असेल तेव्हाचा. काम दिवसाला तीनच तासांचे असेल, तर उपयोगी तास ७२ उरतात आणि प्रत्येकाची किंमत २९२ रुपयांच्या घरात जाते. दूरस्थ साहाय्यक तासाला २०० रुपये मागतो असे समजले, तर ७२ तासांचे १४,४०० होतील आणि तो स्वस्त ठरेल. तोच १९२ तास लावला, तर ३८,४०० होतील आणि तो फार महाग ठरेल. डाळमिलला दोन्ही खर्च १०५ तासांवर समान होतात, म्हणजे दिवसाला साधारण साडेचार तासांच्या आत-बाहेर. लहान पेढीला हीच रेषा ८३ तासांवर, म्हणजे साडेतीन तासांच्या आसपास लागते. काम या रेषेच्या खाली असेल तर बाहेर द्यावे, वर असेल तर माणूस ठेवावा.

साहाय्यक एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत घेतला, तर बिलावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि २०० चे २३६ होतात. कच्च्या शेतमालाच्या अडतीवर हा कर नसल्यामुळे अडत्यास या रकमेची वजावट मिळत नाही. ती खर्चातच राहते. त्यामुळे त्याची समान खर्चाची रेषा ८३ तासांवरून ७० तासांवर येते. ज्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे अशा एकट्या व्यक्तीस मात्र या कराची नोंदणी सामान्यतः करावी लागत नाही.

तथापि पेढीवरच्या माणसाचे सारे काम तासांत मोजता येत नाही. पावती तो लिहितोच. पण माल ओला आहे की वाळलेला, हे पोत्यात हात घालून तोच सांगतो. मापाड्याशी मराठीत, शेतकऱ्याशी कन्नडात, ट्रकवाल्याशी दखनीत आणि हैदराबादच्या गिऱ्हाइकाशी तेलुगूत बोलणारा दिवाणजी या भागात आढळतो. कोणाची उधारी किती ताणावी, हे त्याला ठाऊक असते. हे ज्ञान इंटरनेटच्या तारेवरून येत नाही. उलट बिदरी कारागिराचे उदाहरण पाहावे. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची तार बसविण्यात आणि किल्ल्यातील मातीने तिला काळा रंग आणण्यात त्याचा दिवस जातो. परगावच्या गिऱ्हाइकांना इंग्रजीत उत्तरे देणे आणि मागण्यांची यादी ठेवणे हे त्याचे काम दिवसाला तासाभराचे. त्यासाठी पगारी कारकून ठेवणे त्याला परवडणार नाही. दूरचा साहाय्यक त्याच्या फार उपयोगी पडेल.

हा झाला काम देणाऱ्याचा विचार. काम घेणाऱ्याची बाजू याहून मोलाची आहे, कारण या जिल्ह्यांतील शिकलेली मुले पोटासाठी हैदराबाद, पुणे व बेंगळुरूची वाट धरतात आणि घरी राहून काम मिळणे ही त्यांना पर्वणी वाटते. मजुरी ठरविताना येथेच फसगत होते. १५,००० ला १९२ ने भागले की ७८ येतात. म्हणून औरादची मुलगी तासाला ८० रुपये मागते आणि नोकरीइतके मिळाले असे मानते. परंतु तिचा भविष्य निर्वाह निधी कोणी भरत नाही. कलबुर्गीत कर्मचारी राज्य विमा निगमाचे रुग्णालय आहे, पण तेथील विम्याचे लाभ विमाधारकास मिळतात, तिला नव्हे. संगणक तिचा, वीज तिची, आजारपणाचा दिवस बिनपगारी. शिवाय काम शोधण्यात गेलेल्या तासांचे दाम कोणी देत नाही. महिन्यात १२० तासच काम मिळाले, तर २१,००० ची बरोबरी करावयास तिला तासाला १७५ रुपये घ्यावे लागतील. ८० घेतले, तर उरलेले ९५ ती स्वतःच्या म्हातारपणातून देत असते. गिऱ्हाईक अमेरिकेतील असेल, तर न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्याहून साडेनऊ ते साडेदहा तास मागे असल्याने तिची रात्रीची झोपही त्या हिशेबात धरली पाहिजे.

म्हणून व्यवहार ठरविताना दोन्ही पक्षांनी काही पथ्ये पाळावीत. आठवडाभर कोणते काम किती वेळ चालते याची वही आधी ठेवावी. काम, तास, दर आणि पैसे देण्याची तारीख लेखी असावी. बँकेचा परवलीचा शब्द वा मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक दूरच्या माणसास कधीही देऊ नये. बिल त्याने तयार करावे, पैसे मालकाने पाठवावेत. ठरलेल्या वेळेस हजेरी, रोजची देखरेख आणि दुसरे काम घेण्यास बंदी, असे सारे घालून वर त्यास ‘साहाय्यक’ म्हटले, तर तंटा न्यायालयात गेल्यावर त्याला नोकर मानले जाण्याचा संभव असतो. नाव बदलल्याने नाते बदलत नाही. अनेक पेढ्यांना मधला मार्गच सोयीचा होईल: गंजात उभा राहणारा एक विश्वासू माणूस पगारावर आणि हंगामातील बिले, करपत्रके यांसाठी तासावर साहाय्यक.

तात्पर्य, पगार म्हणजे माणसाचा संपूर्ण खर्च नव्हे, ही एक गोष्ट दोघांनीही ध्यानात ठेवावी. मालकाने ती विसरली तर त्याचा अंदाज चुकतो आणि नुकसान एका हंगामाचे होते. काम करणाऱ्याने ती विसरली तर नुकसान जन्माचे होते. स्वस्त पडलेल्या कामात कुणाच्या तरी खर्चाची भर असते. ती कोणाच्या खात्यातून गेली हे ज्या वहीत दिसते, तीच वही खरी.