वानरलिंगीची वाट

फाल्गुन लागला की आपल्या रेणापूर भागात सुगीची धांदल असते. ज्वारी काढायची, हरभरा मळायचा. याच दिवसांत काही तरुण पाठीवर दोर घेऊन सह्याद्रीकडे निघतात. त्यांना उभा कडा चढायचा असतो. पूर्वी हा शहरातल्या पोरांचा नाद होता. आता खेड्यातली मुलेही जातात. आई विचारते, "लेकरा, तिथं वर देव आहे का?" तो म्हणतो, "नाही." "मग कशाला जातोस रे?"

या 'कशाला'चे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. पण मुलगा जाणारच असेल, तर तेथली वाट कशी आहे आणि या दिवसांत तेथे काय असते, हे त्याला आणि घरच्यांना ठाऊक असलेले बरे.

आपण एकच ठिकाण घेऊ. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला जीवधन नावाचा किल्ला आहे. त्या किल्ल्यापासून सुटा झालेला एक दगडी सुळका शेजारी उभा आहे. त्याला वानरलिंगी म्हणतात. कोणी खडा पारशीही म्हणतात. त्याची उंची सुमारे ४०० फूट. आपल्याकडची ५० फूट खोल विहीर डोळ्यांपुढे आणा. अशा ८ विहिरी एकीवर एक उभ्या करा. तेवढा तो सुळका, आणि चढायचे बाहेरून!

दगड मात्र आपल्या ओळखीचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून तापलेला रस बाहेर आला. तो थरावर थर निवत गेला. त्याचाच हा काळा पाषाण. आपल्या शेतातली काळी माती याच पाषाणाची झीज होऊन झाली. सह्याद्रीत पावसाने त्याचे कडे कोरले. पण सगळे थर सारखे टणक नसतात. कठीण थराखाली ठिसूळ थर असतो. भेगांत पावसाळाभर पाणी आणि माती शिरते. पुढे ते सुकते. मग हात घालावा तर धोंडा निखळून हातात येतो. म्हणून खाली उभ्या असलेल्यानेही डोक्यावर टोप घालायचा असतो.

आता रस्ता पाहू. लातूरहून बार्शी, टेंभुर्णी करीत पुणे सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगाव, तेथून जुन्नर. येथवर काही अडचण नाही. जुन्नरपासून पश्चिमेला घाटघर गाव साधारण तासाभराचे. हा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. चावंड किल्ल्याच्या बाजूने तो जातो. एस. टी.च्या गाड्या थोड्याच. उतरतानाच कंडक्टरला परतीच्या गाडीची वेळ विचारून ठेवावी. रात्री अनोळखी घाटात गाडी दामटू नये. जुन्नरला मुक्काम करून पहाटे निघालेले चांगले.

घाटघरच्या पुढेच नाणेघाट आहे. येथे थोडे थांबलेच पाहिजे. ही वाट दोन हजार वर्षांची जुनी. पैठण आणि जुन्नरकडून कोकणातल्या कल्याण बंदराकडे बैलांचे तांडे हिने उतरत. आपल्या शेजारचे तेर, गोरोबाकाकांचे तेर, त्या काळी तगर नावाने परदेशात ठाऊक होते. एका ग्रीक प्रवाशाच्या पुस्तकात तगरच्या कापडाचा उल्लेख आहे. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत असे सांगतात. जवळच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञात किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली ते त्यात लिहिले आहे, आणि संख्या अंकांत कोरल्या आहेत. आपल्या देशातल्या फार जुन्या अंकांपैकी हे आहेत. नुकतेच अंक गिरवायला शिकलेल्यांनी ती भिंत जरूर पाहावी.

पठारावरून जीवधनच्या पायथ्याशी जायचे, आणि तेथून झाडीतून किल्ला व सुळका यांमधल्या खिंडीत चढायचे. पावसाळ्यात येथे धुके आणि चिखल. फाल्गुनात चिखल नसतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण वाळलेले गवत उतारावर तेल सांडल्यासारखे निसरडे असते. त्याखाली घसारा असतो, म्हणजे सुटी खडी. पाय पुरता टेकवूनच पुढचे पाऊल टाकावे. हेच गवत एका बिडीने पेटते आणि वणवा कडा चढून जातो. तेव्हा बिडी-काडी गावातच ठेवावी.

पाण्याचेही तसेच. किल्ल्यावर टाकी आहेत. पण या दिवसांत त्यातले पाणी पिण्याजोगे असेलच असे नाही. माणशी निदान ४ लिटर पाणी बरोबर हवे. ते गावातून घेताना विचारून घ्यावे. उन्हाळा तोंडावर आलेला असतो आणि घरातल्या बाईने ते डोक्यावर वाहून आणलेले असते. त्या पाण्याने कोणी गाडी धुतली, तर गावाने रागवायला नको काय?

सगळ्यांत मोठे भय आग्या मोहोळाचे. पळस, पांगारा, काटेसावर फुलली की या माश्या कड्याच्या पोटाखाली पोळी बांधतात. धूर, अत्तराचा वास, आरडाओरडा यांनी त्या उठतात. जमिनीवरचा माणूस पळेल तरी. दोराला लोंबकळणारा कोठे पळणार? म्हणून चढण्याआधी खालून सगळा कडा नीट न्याहाळावा, आणि यंदा मोहोळ कोठे आहे ते गावकऱ्यांना विचारावे. गुरे राखणाऱ्या पोरालाही ते ठाऊक असते. चढायच्या रेषेजवळ मोहोळ दिसले तर परत फिरावे. "सव्वातीनशे किलोमीटर आलो, आता कसे फिरायचे?" असे म्हणणाऱ्याला दोर धरू देऊ नये, असे आमचे मत आहे.

माश्या चावल्याच तर हात झाडीत बसू नये. तोंड झाकून लांब जावे. काटे नखाने खरवडून काढावेत. पुष्कळ दंश असले, घसा सुजला किंवा दम लागला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करावा आणि जुन्नरच्या सरकारी रुग्णालयाकडे निघावे. खिंडीत फोन लागेलच असे नाही. एक माणूस गावाच्या बाजूला ठेवावा.

चढण्याची रीत सांगायची तर, पुढचा चढतो आणि मागचा त्याचा दोर राखतो. पुढचा भेगांत लोखंडी मेखा ठोकतो, त्यांत कडी अडकवतो, कडीतून दोर घेतो. तो सुटला तर शेवटच्या मेखेवर लोंबकळतो. सुळक्यावर जुन्या मेखाही असतात. त्या चार-चार महिने पावसात गंजलेल्या असतात. त्यांवर भार टाकण्यापूर्वी ठोकून पाहाव्या लागतात. हे काम पुस्तक वाचून येत नाही. जाणत्या गिर्यारोहकाच्या हाताखाली लहान दगडांवर आधी शिकावे लागते.

ऊन चढले की काळा दगड तव्यासारखा तापतो आणि बोटे घामाने सुटतात. म्हणून पहाटेच हात लावतात. दुपार कलली की वर गेलेले दोराने उतरू लागतात. ज्यांना कोकणात जायचे असते ते नाणेघाटाच्या जुन्या पायऱ्यांनी वैशाखऱ्याकडे उतरतात. खाली माळशेज-कल्याण रस्ता लागतो. रान दाट आहे, तेव्हा उजेड असतानाच तो गाठावा.