जळगावच्या उन्हात प्रवाळाची शुश्रूषा

जळगावच्या सराफ बाजारात अंगठीत बसविलेले लाल पोवळे तुम्ही पाहिले असेल. नवरत्नांत त्याची गणना होत असली, तरी ते हिऱ्या-माणकासारखे खनिज नव्हे. भूमध्य समुद्रात राहणाऱ्या एका प्राण्याचा तो सांगाडा आहे. (आपला मंगळाशी काही संबंध आहे, याची त्या प्राण्याला बिचाऱ्याला कल्पनाही नसते!) त्याच्याच गोतातील, उथळ व उबदार समुद्रात वाढणारी प्रवाळे काही हौशी लोक काचेच्या टाकीत पाळतात. समुद्रापासून दोनशे-तीनशे किलोमीटर दूर असलेल्या धुळ्या-जळगावातही अशी टाकी ठेवता येते. परंतु मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, की टाकीतले प्रवाळ आजारी पडते. त्याला बरे कसे करावयाचे, ते आपण पाहू या.

आधी कायद्याची एक गोष्ट. सर्व दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे यांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. तेव्हा समुद्रातून काढलेले दगडी प्रवाळ कोणी विकावयास आणले, तर ते घेऊ नये. या यादीत न येणारी, दगडी सांगाडा नसलेली मऊ प्रवाळे असतात. आपला रोगी त्यांपैकी एक आहे असे समजा.

प्रवाळ म्हणजे पॉलिप नावाच्या चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येक पॉलिपला एक तोंड आणि त्याभोवती शुंडके. पण पोटापाण्याची त्याची खरी सोय निराळीच आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवले राहतात. सूर्यप्रकाशात ती अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. पुष्कळ प्रवाळांची बहुतेक ऊर्जेची गरज त्यातूनच भागते. प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंगही या भाडेकरूंचाच.

पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, की हे सहजीवन बिघडते. उष्णता व प्रखर प्रकाश यांमुळे शैवलांत प्राणवायूची घातक, अतिक्रियाशील रूपे तयार होऊ लागतात. प्रवाळ मग त्यांना बाहेर टाकते व पांढरेफटक पडते. यालाच ‘विरंजन’ म्हणतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर हे संकट १९९८, २०१० आणि २०१६ साली आले, २०२४ साली पुन्हा आले. येथे एक गोष्ट नीट समजून घ्या : पांढरे पडलेले प्रवाळ मेलेले नसते, उपाशी असते. म्हणून तर शुश्रूषेला अर्थ आहे.

पहिला उपाय पाणी थंड करण्याचा. बर्फ टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण एकाएकी बसणारा गारठाही आजाऱ्याला सोसत नाही. त्यापेक्षा आपल्या घरातला माठ काय करतो ते आठवा. पाण्याची वाफ होताना ते उष्णता शोषून घेते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. टाकीत १०० लिटर पाणी असेल आणि त्यातले एक लिटर उडून गेले, तर बाहेरून उष्णता आत येत नाही असे धरल्यास, उरलेले पाणी जवळजवळ ६ अंशांनी थंड व्हावयास हवे. प्रत्यक्षात दिव्यांतून व काचेतून उष्णता येतच राहते, त्यामुळे फरक कमी पडतो. तरीही पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा एक लहान पंखा बरेच काम करतो.

गंमत अशी, की याबाबतीत जळगाव मुंबईहून सुदैवी आहे. हवेचे तापमान ४३ अंश व आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीचा पारा सुमारे २३ अंशांवर येतो. मुंबईत ३३ अंश व ७० टक्के आर्द्रता असता तो २८ अंशांच्या खाली जात नाही. पंख्याने पाणी या मर्यादेपलीकडे थंड होणार नाही. प्रवाळाला साधारण २४ ते २७ अंश मानवतात. म्हणजे खानदेशची रखरखीत हवाच येथे उपयोगी पडते! शाळेच्या प्रयोगशाळेत दोन तापमाप्या घेऊन तुम्हीही हे मोजू शकाल.

मात्र तीच हवा दुसऱ्या बाजूने घात करते. वाफ होते ती पाण्याची, मिठाची नव्हे. १०० लिटर समुद्रजलात सुमारे ३,५०० ग्रॅम क्षार असतात. रोज दोन लिटर उडाले, तर पाच दिवसांनी तेवढेच क्षार ९० लिटरमध्ये उरतात. लिटरमागे ३५ ग्रॅमचे जवळजवळ ३९ ग्रॅम होतात. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई खाऱ्या पाण्याने न करता क्षारविरहित, म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्याने करावयाची. बोअरचे पाणी नको : ते जड असते, शिवाय केळी-कपाशीच्या शेतांतून झिरपलेले नायट्रेट त्यात असू शकते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. आणि माशांच्या रोगांवर देतात ती तांबेयुक्त औषधे तर प्रवाळाला विषच.

यानंतर दिवे मंद करावेत. शैवले थोडी उरली असताना भगभगीत उजेड त्रासच देतो. पाण्याचा प्रवाह सौम्य असावा. रात्री शुंडके उघडली, की आर्टेमियाची नुकती जन्मलेली पिले चिमूटभर द्यावीत. उरलेले अन्न पाणी नासवते. वीज गेल्यास पाण्यात हवा सोडणारा बॅटरीचा पंप हाताशी असावा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. रंग परतावयास काही आठवडे, कधी महिने लागतात. त्या काळात रोज नवा उपाय करून पाहणाराच रोग्याचा मोठा शत्रू!

शास्त्रज्ञही अशीच सावधगिरी बाळगतात. मुंबईच्या किनारी रस्त्याचे काम चालू असताना २०२० साली वरळी व हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली हलविण्यात आल्या. त्यांना दूरच्या नितळ समुद्रात नेले नाही. मुंबईच्याच किनाऱ्यावर, ओळखीच्या गढूळ पाण्यात ठेवले.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला, की हवा दमट होते व टाकीतले पाणी कमी उडू लागते. तरीही मे महिन्याच्या सवयीने रोज दोन लिटर पाणी ओतत राहिले, तर टाकी आता खारट होण्याऐवजी अळणी होते. यासाठी टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीची एक रेघ मारून ठेवावी आणि तिच्यापर्यंतच पाणी भरावे.