उसाचे पान डोळ्याला लागले तर...

वेळापूर (जि. सोलापूर) - नीरा उजव्या कालव्यामुळे माळशिरस तालुक्यात ऊस वाढला. गळीत हंगामात वेळापूर-अकलूज परिसरात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात. पाचट काढताना, वाढे बांधताना पानाची करवती कड डोळ्याला लागणे ही त्यांच्यासाठी किरकोळ बाब. मात्र तिची परिणती कायमच्या अंधत्वात होऊ शकते.

बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडा उठला, की पानावरील व मातीतील जंतूंना वाट मिळते. जिवाणूंच्या संसर्गात वेदना व पू लवकर दिसतात. फ्युजेरिअम, अॅस्परजिलस या बुरशींचा व्रण मात्र अनेकदा सावकाश वाढतो. त्यामुळे रुग्ण उशिरा येतो. अनेकदा त्याआधी डोळ्यात घरगुती औषध किंवा दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब पडलेले असतात. स्टेरॉइडने लाली तात्पुरती ओसरते, पण प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी खोलवर पसरते.

व्रणाचा खरवडलेला अंश सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यास बुरशी ओळखता येते. तिच्यावर नाटामायसिनचे थेंब सुरुवातीला दर तासाला व पुढे काही आठवडे घालावे लागतात. अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे औषध महागड्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरले. मजुरी बुडवून, कोपीत राहून असे उपचार पूर्ण करणे कामगाराला अवघड जाते.

व्रण बरा झाला, तरी पांढरा डाग, म्हणजे 'फूल', मागे राहते. ते बुबुळाच्या मध्यभागी असल्यास दृष्टी जाते. बुबुळाला छिद्र पडल्यास नेत्ररोपण करावे लागते आणि सुजलेल्या डोळ्यात ते टिकण्याची शक्यता कमी असते. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतील अंधत्वाचे प्रमुख कारण बुबुळाची अपारदर्शकता हेच आढळले.

हे टाळता येते. नेपाळमधील भक्तपूर येथे गावपातळीवरील आरोग्यसेवकांनी ओरखडा उठलेल्या डोळ्यांत तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉल मलम घातले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९६ टक्के जखमा संसर्गाविना भरल्या; १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही.

म्हणूनच पान लागल्यावर डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा व त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. तोडणीच्या वेळी साधा संरक्षक चष्मा वापरला, तर ही वेळही येणार नाही.