पिस्टनच्या कडेने निसटणारा वायू

पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट कितीही काटेकोर राखली तरी ती पूर्ण बंद होत नाही. ज्वलनाच्या दाबाखालचा थोडा वायू रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. हाच ब्लो-बाय. तापीकाठच्या गावांत डिझेल पंप दुरुस्त करणारा मेस्त्री त्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतो आणि चालू इंजिनाचे ऑइल भरायचे झाकण उघडून, धुराचा जोर पाहून रिंगा गेल्या की नाही ते सांगतो. अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो. शर्यतीच्या इंजिनाला मात्र मिनिटाला किती लिटर, हा आकडाच लागतो.

एका जागी चिरलेली धातूची रिंग ही इंग्लंडच्या रेल्वेतील अभियंता जॉन रॅम्सबॉटम याची 1850च्या दशकातली देणगी. त्याआधी वाफेच्या इंजिनांत पिस्टनभोवती तागासारख्या दोराचे वेटोळे कोंबत. इंजिनाच्या इतिहासात रॅम्सबॉटमचे नाव जितके यायला हवे तितके येत नाही. आज धावणारे जवळपास प्रत्येक पिस्टन-इंजिन त्याच्या कल्पनेवर उभे आहे. या रिंगेची खरी करामत तिच्या स्प्रिंगसारख्या ताणात नाही. वरचा वायू खाचेत शिरून रिंगेच्या पाठीमागे जातो आणि तिला सिलिंडरच्या भिंतीवर दाबून धरतो. म्हणजे गळू पाहणारा दाबच गळती रोखतो.

वेग वाढला की हा डाव उलटतो. पुण्याजवळ चाकणच्या बजाज कारखान्यात बनलेले पहिल्या पिढीचे केटीएम 390 इंजिन घ्या. वर्ल्ड सुपरस्पोर्ट 300 मालिकेत याच इंजिनाची आरसी 390 धावली. एकच सिलिंडर, 373 सीसी, स्ट्रोक 60 मिलिमीटर. मिनिटाला 9,000 फेऱ्यांवर पिस्टन वरच्या टोकाला वळतो तेव्हा त्याचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पटींहून जास्त असते. पिस्टन खाली वळतो, रिंग मात्र जडत्वाने वरच जाऊ पाहते. ती खाचेच्या खालच्या बाजूवरून उचलली गेली की पाठीमागचा दाब निसटतो, रिंग फडफडते आणि ब्लो-बाय एकदम उसळी घेतो. म्हणून शर्यतीच्या रिंगा पातळ आणि हलक्या करतात, काही पिस्टनांत वायू रिंगेमागे लवकर पोहोचावा म्हणून बारीक भोके पाडतात, तर दुसऱ्या रिंगेची चीर पहिलीपेक्षा थोडी मोठी ठेवतात. दोन रिंगांमध्ये अडकलेला दाब पहिलीला खालून उचलू नये, हा त्यामागचा हेतू.

इंजिन बंद ठेवून, पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि किती टक्के गळते ते पाहायचे, ही लीक-डाऊन चाचणी गॅरेजांत लोकप्रिय आहे. झिजलेला बोअर किंवा जळलेला व्हॉल्व्ह त्यात सापडतो. परंतु स्थिर रिंग 9,000 फेऱ्यांवर कशी वागेल हे ती सांगू शकत नाही. त्या चाचणीतला देखणा आकडा दाखवून रिंगांची जाहिरात होत असेल, तर ती अर्धीच माहिती होय.

चालू इंजिनावरचे मोजमाप अवघड आहे. वरील इंजिन 9,000 फेऱ्यांवर मिनिटाला साधारण 1,680 लिटर हवा ओढते. त्यातली एक टक्का गळाली असे धरले तर मोजायचा प्रवाह 17 लिटरांच्या आसपास येतो. त्याच वेळी पिस्टनची खालची बाजू मिनिटाला सुमारे 3,360 लिटर जागा झाडत असते. एका सिलिंडरच्या इंजिनात ही उलथापालथ तोलायला दुसरा पिस्टन नसतो, त्यामुळे क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीत वायू आत-बाहेर हिसके खातो. शिवाय त्यात तेलाचे तुषार आणि पाण्याची वाफ असते.

जुनी पद्धत ओरिफिसची: नळीत छिद्राची चकती बसवून दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक पाहायचा. प्रवाह त्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. प्रवाह दहापट घटला तर फरक शंभरपट घटतो, म्हणून एक चकती सगळ्या वेगांना पुरत नाही. हिसक्यांत दाबाची सरासरी काढली तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. उपाय म्हणून आधी तेल गाळणारे भांडे आणि हिसके शमवणारी टाकी जोडतात. मीटरच्या अडथळ्याने क्रँककेसमधला दाबच वाढणार नाही, हेही सांभाळावे लागते.

दुसरी पद्धत विलक्षण सुंदर आहे. पुराच्या पाण्यात पुलाच्या खांबामागे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे भोवरे सुटतात, तसेच नळीत आडव्या बसवलेल्या दांडीमागे वायूचेही सुटतात. थिओडोर फॉन कारमान याने 1911 मध्ये या रांगेचे गणित मांडले. भोवऱ्यांची वारंवारता वेगाच्या प्रमाणात असते. अल्ट्रासाऊंडच्या किरणाने ते मोजले की वर्गमुळाची कटकट संपते.

ड्राय संप इंजिनात, म्हणजे तेल तळाशी न साठवता वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या इंजिनात, आणखी एक पेच येतो. पंप क्रँककेसमधून तेलासोबत वायूही ओढून निर्वात निर्माण करतात, त्यामुळे मोजमाप तेलाच्या टाकीच्या ब्रीदरवर घ्यावे लागते. एखादे ऑइल सील बाहेरची हवा आत घेत असेल तर तीही ब्लो-बाय म्हणून मोजली जाते.

हाती आलेला एकटा आकडा फारसा बोलत नाही, वेगानुसार काढलेला आलेख बोलतो. सगळीकडे सारखाच चढलेला आलेख झीज दाखवतो. ठरावीक वेगानंतर अचानक चढणारा फडफड दाखवतो, आणि तिथे नवा बोअर नव्हे, हलकी रिंग लागते.

रस्त्यावरच्या पेट्रोल गाड्यांसाठी कसोटी वेगळी आहे. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील, 1966 मध्ये स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थांत क्रँककेसमधला दाब वातावरणापेक्षा वर जात नाही ना, हे तपासतात. तो वायू पुन्हा इंजिनातच जाळायचा असतो. फॉर्म्युला वनमध्ये याच वाटेने तेल जाळून ताकद वाढवल्याचा संशय आला. 2018 मध्ये तेलाचा वापर 100 किलोमीटरला 0.6 लिटरवर बांधला गेला आणि ब्रीदरचा वायू इंजिनात परत न नेता मागच्या आसापलीकडे हवेत सोडणे सक्तीचे झाले.