८के टीव्ही : डोळ्यांना पेलणारे आणि न पेलणारे

८के टीव्हीच्या पडद्यावर सुमारे ३.३ कोटी बिंदू असतात, म्हणजे ४केच्या चौपट. पण प्रश्न पडद्याचा नाही, डोळ्याचा आहे. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा टिपतो. ५५ इंची ४के पडद्यावर एक बिंदू जेमतेम ०.३२ मिलिमीटरचा, सुमारे १.१ मीटरच्या पलीकडून असे शेजारचे दोन बिंदू वेगळे दिसतच नाहीत. आपल्या दिवाणखान्यात सोफा आणि टीव्ही यांत अडीच-तीन मीटर अंतर सहज असते. मग त्याच पडद्यावर चौपट बिंदू कोणासाठी? काहींची नजर अधिक तीक्ष्ण असते, हा आक्षेप खरा आहे. पण दुप्पट तीक्ष्ण नजरेलाही ही मर्यादा २.२ मीटरवरच गाठते. ‘८केचे चित्र दुकानात उठून दिसते’ असेही म्हणतात. तिथे आपण पडद्याला नाक लावून उभे असतो, आणि उठून दिसतो तो बहुधा उजेड-अंधाराचा व रंगांचा फरक. तो ४केतही मिळतो. शिवाय जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने २०१८मध्ये ८के वाहिनी सुरू केली असली, तरी आपल्याकडच्या वाहिन्या तिथवर पोहोचलेल्या नाहीत. भिंतभर पडदा अगदी जवळून पाहणार असाल तर गोष्ट वेगळी. एरवी तेच पैसे काळा रंग चांगला दाखवणाऱ्या ४के टीव्हीवर आणि स्पीकरवर खर्च करा.