उताऱ्याचा रकाना आणि संगणकाची भाषा

जमिनीचा उतारा ज्याने कधी हातात घेतला नाही, असे घर आपल्या पंचक्रोशीत विरळाच असेल. सर्व्हे नंबर, हिस्सा, खातेदाराचे नाव, क्षेत्र, बोजा हे त्याचे रकाने आपल्या परिचयाचे आहेत. कर्नाटक शासनाच्या 'भूमी' योजनेने २००० सालाच्या सुमारास हे रकाने तलाठ्याच्या वहीतून संगणकात आणले. सुमारे ६७ लाख खातेदारांचे २ कोटी उतारे अशा रीतीने नोंदले गेले. अशा नोंदी ठेवताना संगणकात जी एक अडचण येते, तिचे स्वरूप या लेखात पाहावयाचे आहे.

वहीचा रकाना काहीही सामावून घेतो. लिहिणाऱ्याचा हात आणि वाचणाऱ्याची समज यांवर त्याचा अर्थ ठरतो. संगणकाच्या माहितीसाठ्यात, म्हणजे डेटाबेसमध्ये, मात्र प्रत्येक रकान्याचा प्रकार आधी जाहीर करावा लागतो : पूर्णांक, दशांश, अक्षरे की तारीख. कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली तक्त्यांवर आधारलेली ही रचना मांडली. परंतु त्या तक्त्यांतील माहिती वाचून तिच्यावर क्रिया करणारी आज्ञावली जावा, सी-शार्प अशा निराळ्या भाषेत लिहिलेली असते आणि तिचे स्वतःचे प्रकार असतात. दोहोंचे प्रकार नावाने सारखे दिसले तरी अर्थाने सारखे असतातच असे नाही. दोन राज्यांचे कागद एकमेकांशी ताडून पाहण्याची सवय असलेल्या सीमाभागातील माणसाला हे निराळे सांगावयास नको.

क्षेत्राचेच उदाहरण घेऊ. आपल्याकडे २ एकर १० गुंठे हे क्षेत्र सर्रास '२.१०' असे लिहितात. समजा, रचनाकाराने रकाना 'न्यूमेरिक' प्रकारचा, दोन दशांश स्थळांचा ठेवला. तेथे २.१० हे २.१० असेच राहते. आज्ञावलीने मात्र ते 'डबल' या प्रकारात उचलले, तर त्याला शेवटचे शून्य ठाऊक नसते. तो छापतो २.१. वाचणारा म्हणतो, दोन एकर एक गुंठा. नऊ गुंठे, म्हणजे ९,८०१ चौरस फूट जमीन कोणीही न बळकावता कागदावरून नाहीशी झाली! जावातील 'बिगडेसिमल' हा प्रकार शून्य जपतो. म्हणून 'न्यूमेरिक' रकान्याची जोडी त्याच्याशी घालावी असा संकेत आहे. 'डबल' द्विमान पद्धतीने साठवत असल्याने ०.१ हा साधा आकडादेखील त्यात तंतोतंत बसत नाही, हे दुसरे कारण. पैशाच्या हिशेबातही तो म्हणूनच वर्ज्य मानतात.

तरीही खरी चूक याहून खोल आहे. दोन भावांचे प्रत्येकी १.३० क्षेत्र एकत्र केले, तर कोणताही दशांश प्रकार २.६० हेच उत्तर देईल. वास्तविक एकराचे गुंठे ४०. तेव्हा उत्तर ३ एकर २० गुंठे. येथील टिंब हे दशांशचिन्हच नव्हे. पलीकडे चंदगड तालुक्यात क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, शंभर आरांचा हेक्टर होतो आणि टिंब दशांशाचे काम बिनचूक करते. तिकडे चाललेली आज्ञावली इकडे जशीच्या तशी वापरली तर ती निमूटपणे चुकत राहील.

यावर माझ्या मते उत्तम उपाय म्हणजे सर्वांत लहान एककात पूर्णांक साठविणे. गुंठ्याचे आणे १६, एकराचे ६४०. २ एकर १० गुंठे म्हणजे १,४४० आणे. येथेही प्रकार पाहूनच निवडावा लागतो. 'स्मॉलइंट' हा सोळा बिटांचा प्रकार ३२,७६७ पर्यंतच मोजतो, आणि ५२ एकरांचे आणे होतात ३३,२८०. एखादा मोठा गट त्यात मावणार नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे अग्निबाण उड्डाणानंतर अवघ्या ३७ सेकंदांच्या आसपास भरकटून नष्ट झाले, त्याचे मूळ अशाच रूपांतरात होते : चौसष्ट बिटांचा अपूर्णांक सोळा बिटांच्या पूर्णांकात कोंबला गेला. बत्तीस बिटांचा 'इंट' २१४ कोटींच्या पुढे जातो. आपल्या शेतांना तो पुरून उरेल.

सर्व्हे नंबर दिसतो आकडा, पण '४५/२अ' यावर बेरीज-वजाबाकी कोणी करीत नाही. तो अक्षरांच्या रकान्यातच हवा.

अक्षरांची कथा आणखी निराळी. 'बेळगुंदी' हा शब्द आपल्या दृष्टीने चार अक्षरांचा. युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. त्यामुळे चिन्हे होतात आठ. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाईट घेते, म्हणजे एकूण २४. कन्नड लिपीचेही प्रमाण हेच, त्या बाबतीत पक्षपात नाही! ओरॅकलमध्ये 'व्हारचार-२' चा रकाना वीस लांबीचा ठेवला, तर मूळ व्यवस्थेनुसार ते वीस बाईट असतात आणि आपले गाव त्यात मावत नाही. जावाच्या 'स्ट्रिंग'मध्ये मात्र त्याच शब्दाची लांबी आठ भरते. म्हणून आज्ञावली 'लांबी योग्य' म्हणते आणि डेटाबेस नोंद नाकारतो.

राहिला रिकामा रकाना. बोजाच्या रकान्यात 'निरंक' लिहिणे वेगळे आणि काहीच न लिहिणे वेगळे, हे सोसायटीचा कारकूनही जाणतो. डेटाबेस त्या रिकामेपणाला 'नल' म्हणतो. जावाच्या 'इंट' प्रकाराला तो ठाऊक नाही; 'गेटइंट' या पद्धतीने रिकामा रकाना वाचला तर हाती शून्य येते, आणि न भरलेला बोजा 'बोजा नाही' असा वाचला जातो. त्यासाठी 'वॉझनल' ही दुसरी पद्धत दिलेली आहे. रकाना वाचल्यावर लगेच, पुढचा रकाना वाचण्यापूर्वी, तिला विचारावे लागते. कारण ती केवळ शेवटी वाचलेल्या रकान्याबद्दलच उत्तर देते.