रिकामा पट्टा

ठरवून खेळलेल्या लढतीला आपण ‘नुरा कुस्ती’ म्हणतो आणि विषय तिथेच संपवतो. अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरतो, हे गुपितही उरलेले नाही. हा खेळ नसून करमणूक आहे, असे त्या धंद्यातल्या सर्वात मोठ्या कंपनीने १९८९मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे स्वतःच मांडले. क्रीडा आयोगाची देखरेख तिला नको होती. पण मग जिथे विजेता लेखक ठरवतात, तिथे अजिंक्यपद ‘रिकामे’ कसे पडते? आणि ते भरायला एकदम वीस मल्ल रिंगणात का उतरवतात? मला हा प्रश्न कुस्तीपेक्षा कथनशास्त्राचा वाटतो.

या लढतीला ‘बॅटल रॉयल’ म्हणतात. नियम एकच : वरच्या दोरावरून बाहेर फेकला गेलेला आणि दोन्ही पाय जमिनीला लागलेला मल्ल बाद. शेवटी उरेल तो विजेता. आपल्या आखाड्यातल्या कुस्तीशी तुलना केली की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. इथे कोणीच चितपट होत नाही.

भारतीय प्रेक्षकांना आठवणारे उदाहरण जुलै २००७चे. ‘वर्ल्ड हेवीवेट’ पट्टा एजकडे होता. त्याच्या छातीचा स्नायू फाटला आणि त्याला पट्टा सोडावा लागला. १७ जुलैला टेक्ससमधील लारेडो येथे वीस जणांची लढत चित्रित झाली आणि २० जुलैला ती दाखवली गेली. शेवटी उरलेल्या केन आणि बटिस्टा या दोघांना हिमाचल प्रदेशच्या दलीपसिंग राणाने, म्हणजे ‘द ग्रेट खली’ने, एकाच वेळी बाहेर ढकलले.

लेखकांची सोय पाहा. पट्टा एका रात्रीत भरला. सात फुटी, संथ हालचालींच्या खलीला लांबलचक एकेरी लढत खेळावी लागली नाही. दोरावरून माणसे फेकण्यात त्याची उंचीच कामी आली. आणि बटिस्टा हरला, पण चितपट झाला नाही. त्यामुळे त्याचा दावा शाबूत राहिला आणि १६ सप्टेंबरला तिरंगी लढतीत त्याने पट्टा घेतला. आदल्या वर्षी, जानेवारी २००६मध्ये, याच बटिस्टाच्या दंडाचा स्नायू फाटला होता, तेव्हाही अशीच लढत झाली आणि कर्ट अँगल विजेता ठरला.

पट्टा कथेच्या गरजेपोटीही रिकामा करता येतो. १९९२च्या ‘रॉयल रंबल’आधी हल्क होगन आणि अंडरटेकर यांच्यातील वादग्रस्त निकालांचे निमित्त करून तो काढून घेतला गेला. त्या लढतीत मल्ल एकेक करून येत होते; तिसऱ्या क्रमांकावर आलेला रिक फ्लेअर सुमारे तासभर टिकून जिंकला. तिथे तयारीला अवधी होता, म्हणून रिकाम्या पट्ट्याची एक मोठी गोष्ट झाली. दुखापतीनंतरची बॅटल रॉयल मात्र फाटलेल्या कथेला घातलेला टाका असतो.

रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९५७च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये कुस्तीला क्रीडा न म्हणता प्रयोग म्हटले. मला ते पटते. पण प्रयोगातले शरीर खरेच असते. विजेता कागदावर ठरतो, स्नायू कधी फाटेल ते ठरत नाही. खलीच्या ज्या देहाने तो पट्टा जिंकला, त्याच्या वाढीमागे मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीवरची गाठ होती. २०१२मध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. एजने एप्रिल २०११मध्ये मानेच्या दुखण्यामुळे निवृत्ती जाहीर केली तेव्हा पट्टा पुन्हा त्याच्याच कमरेवर होता. तो रिकामा झाला आणि त्यासाठी लढणारा एक मल्ल निवडायला पुन्हा बॅटल रॉयल घेण्यात आली. ती जिंकली ख्रिश्चनने, एजच्या लहानपणापासूनच्या मित्राने.

म्हणून ‘नुरा’ हा शब्द इथे अपुरा पडतो. जिंकणे-हरणे लिहिलेले असेल. पट्टा रिकामा होण्यामागची वेदना अनेकदा लिहिलेली नसते.